होकाराची लय

वैजयंती मगदूम उलटतपासणीला उभी राहिली की समोरचा वकील आधी पाणी पिऊन घेतो, असं सांगलीच्या कौटुंबिक न्यायालयात गमतीनं म्हटलं जायचं. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा अशा खटल्यांत तिची उमेदीची वर्षं गेली होती. त्यातले पुष्कळ ती जिंकलीही होती. पण एका दुपारी निकाल तिच्या बाजूनं लागला आणि ज्या मुलाचा ताबा तिनं आईला मिळवून दिला होता, तो मुलगा कोर्टाच्या पायरीवर बापाचा शर्ट घट्ट धरून बसला. शेवटी एका महिला पोलिसानं त्याची बोटं एकेक करून सोडवली. त्या दिवशी घरी आल्यावर वैजयंतीनं वडिलांना सांगितलं, की आता आपण भांडणं लढवायची नाहीत, मिटवायची.

वडील म्हणजे भूपाल मगदूम, गावाचे अण्णा. सांगलीच्या हळदीच्या बाजारात त्यांचं अडतीचं दुकान होतं. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे त्या काळापासून 'नाही' म्हणण्याबद्दल त्यांची ख्याती. समोरचा व्यापारी कितीही गोड बोलला तरी अण्णा हात सोडवून घेत, हनुवटी जराशी पुढे काढत आणि 'नाही' एवढंच म्हणत. बाजार कधीचाच संगणकाच्या पडद्यावर गेला, दुकान विकलं, पत्नी गेली, तरी अण्णांचा नकार शाबूत होता. लेकीचा बेत ऐकून ते म्हणाले, ''बघ जमतंय का. तुझं तोंड भांडायला बरं आहे.''

मध्यस्थीचं प्रशिक्षण पुण्याच्या एका संस्थेनं सांगलीत सुरू केलं होतं. सुरुवातीचे महिने वैजयंतीला फार जड गेले. वर्गात दोघांनी नवरा-बायको व्हायचं, तिसऱ्यानं मध्यस्थ. मध्यस्थाला निवाडा करायची परवानगी नाही, सल्ला देण्याची नाही, कोण चूक हे चेहऱ्यावरही दिसता कामा नये. समोरचा बोलत असताना वैजयंतीच्या तोंडात हरकत तयार असायची आणि तिला ती गिळावी लागायची. हळूहळू तिला जमू लागलं. माणूस पहिल्यांदा जे मागतो ते त्याला खरं हवं असतंच असं नाही, हे तिला कळलं. पोटगीवर अडून बसलेल्या बाईला पैसा नव्हे, नवऱ्यानं चारचौघांत केलेला अपमान भरून हवा असतो. तिचं वाक्य तिच्याच शब्दांत परत म्हणून दाखवलं, की ती खुर्चीत मागे टेकते. वैजयंतीला हे शिकणं आवडलं. इतक्या वर्षांत आपण पक्षकारांचं ऐकलंच नव्हतं, नुसते मुद्दे टिपून घेतले होते, असं तिला वाटलं.

तिथंच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण प्रशिक्षणाचा दुसरा भाग 'सहलय'चा होता.

तो शिकवायला खुद्द डॉ. सत्यजित ओगले आले. सहलयीचा शोध त्यांच्याच प्रयोगशाळेतला. मनुष्य मृदू, बोलणं सोपं. त्यांनी सांगितलं, की दोन माणसं बरोबर चालू लागली की नकळत पावलं जुळतात, तसंच बोलण्यातही होतं. ऐकणारा बोलणाऱ्याच्या वाक्याचा शेवट आधीच ओळखत असतो आणि त्या शेवटाला श्वास घेतो. ओळखलेलं आणि ऐकलेलं जुळलं नाही की मेंदू एक बारीकसा इशारा देतो, थांब, काहीतरी खटकतंय. माणसाच्या तोंडून 'नाही' येतं त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हा इशारा असतो. मुद्दा पटला की नाही हा विचार त्याच्या नंतरचा. आता बोलणाऱ्यानं आधी समोरच्याच्या श्वासाशी आपली वाक्यं जुळवली, आवाजाची पट्टी जुळवली, आणि मग अगदी सावकाश तो वेग स्वतः ठरवू लागला, तर समोरच्याचं शरीर मागोमाग येतं आणि तो इशारा उमटतच नाही.

यंत्र अगदी साधं होतं. टेबलावरच्या चपट्या डबीतून निघणाऱ्या रेडिओ लहरी पक्षकारांच्या छातीची हालचाल आणि नाडी टिपत. मध्यस्थाच्या कानामागे नखाएवढी पट्टी. ती हाडावर हलकी टिचकी मारी. टिचकीला वाक्य संपवायचं, दोन टिचक्यांना थांबायचं. काही महिन्यांच्या सरावानंतर पट्टी काढली तरी चाले. सायकल शिकावी तसं शरीर ते शिकून जाई.

वर्गात कुणीतरी विचारलं, की ही फसवणूक नाही का. ओगले हसले. ते म्हणाले, की मध्यस्थ कुणाच्याच बाजूचा नसतो. दोन्ही पक्षांना सारखंच शांत केलं तर फसवलं कुणाला? शांत माणूस जास्त शहाणा निर्णय घेतो, एवढंच. वर्षानुवर्षं तुंबलेले खटले पाहिलेल्या वर्गाला ते पटलं. पुढे वैजयंतीला कधी कधी वाटे, की ते ओगल्यांनी पटवलं होतं की त्यांच्या आवाजानं, हे आता कळायला मार्ग नाही.

सहलयीत वैजयंती सगळ्यांच्या पुढे गेली. तिच्या खोलीत गेलेलं जोडपं सही करूनच बाहेर येतं, असं होऊ लागलं. इतर जिल्ह्यांतून तिला बोलावणी आली.

हुपरीकरांचं प्रकरण तिच्याकडे आलं ते याच भरात. तेजश्री हुपरीकर मिरजेला रेल्वेच्या सिग्नल विभागात इंजिनियर. नवरा अमोघ बँकेत. घटस्फोट दोघांनाही मान्य होता, अडलं होतं सहा वर्षांच्या ईरावरून. तेजश्रीची बदली हुबळीला झाली होती आणि ईराला ती बरोबर नेणार होती. अमोघचं म्हणणं, मुलीची शाळा मिरजेत, आजी मिरजेत, तिला उपटून नेऊ नये. तेजश्री खोलीत आली तीच हाताची घडी घालून. ईराला ठेवून जाणं होणार नाही, बाकी काय ते बोला, असं तिनं बसायच्या आधीच सांगितलं.

वैजयंतीनं नेहमीसारखं काम केलं. आधी ऐकलं, तिचे शब्द तिलाच परत दिले, मग हळूच वेग आपल्या हातात घेतला. तिनं कोणतीही बाजू मांडली नाही, फक्त प्रश्न विचारले. ईराला काय सवयीचं आहे, हुबळीला रात्रपाळी असेल तेव्हा तिच्याजवळ कोण असेल, दर सुट्टीत आई भेटली तर तिला काय वाटेल. दुपार कलेपर्यंत तेजश्रीची घडी सुटली. दहावीपर्यंत ईरा मिरजेतच राहील, सुट्ट्या आईकडे, असा समझोता झाला. नियमाप्रमाणे वैजयंतीनं तिला पुन्हा पुन्हा विचारलं, की हे तुमच्या मनानं आहे ना, घाई नाही, विचार करून सांगा. दरवेळी तेजश्री शांतपणे हसून हो म्हणाली आणि न्यायालयात दाखवण्यासाठी तेवढ्या संमतीचं चित्रण झालं. अमोघच्या डोळ्यांत पाणी आलं. वैजयंतीला त्या दिवशी फार बरं वाटलं.

त्याच सुमारास घरी अण्णा न्हाणीघरात पडले. पहिली खेप नव्हती. घरात माणूस ठेवायला त्यांचा नकार, वैजयंतीनं गावोगाव फिरणं कमी करावं असंही ते म्हणत नसत. जयसिंगपूरजवळ एक चांगलं वृद्धनिवास होतं. तिथला विषय काढला की अण्णा म्हणत, ''नाही. मी या घरातून माझ्या पायानं जाणार नाही.'' हे दोन-तीन वर्षं चाललं होतं. दोघांची यावरून कडाक्याची भांडणं होत आणि मग अण्णा तिच्यासाठी स्वतः चहा टाकत.

एका संध्याकाळी वैजयंती त्यांच्याजवळ बसली आणि बोलू लागली. मुद्दाम काही करायचं असं तिनं ठरवलं नव्हतं, हे ती पुढे स्वतःला कितीदा तरी सांगणार होती. पण बोलता बोलता अण्णांच्या सदऱ्याखालची छाती तिला दिसत होती, श्वास कुठं वळतो ते कळत होतं, आणि तिची वाक्यं आपोआप त्या वळणावर संपत होती. अण्णा ऐकत राहिले. मग म्हणाले, ''बरं. जाऊ या.''

तिला इतकं हलकं वाटलं, की त्या होकाराकडे तिनं नीट पाहिलंही नाही. आठवडा उलटायच्या आत अण्णा वृद्धनिवासात राहायला गेले. ती भेटायला गेली की ते जेवण चांगलं आहे म्हणत, खोली हवेशीर आहे म्हणत. ती म्हणेल त्याला हो म्हणत. एकदा मात्र तिच्याकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, ''वैजू, तुझ्याशी बोललो की मला माझं काय म्हणणं होतं तेच आठवत नाही.'' तिला वाटलं, वय झालं. घरी जाताना तिनं डॉक्टरांना फोन करून त्यांच्या स्मृतीची तपासणी ठरवली. तपासणीत काही निघालं नाही.

वर्षभरानं तेजश्री तिच्याकडे आली. आधी फोन नाही, काही नाही. वाळली होती. ती म्हणाली, की त्या दिवशी सही करून बाहेर पडले, रिक्षात बसले, विश्रामबागपर्यंत अगदी शांत होते. मग एकदम कुणीतरी पाठीत रट्टा मारावा तसं झालं. मी काय करून आले? पण कागदावर सही होती, चित्रणात मी हसत होते. सगळे म्हणाले, हे नंतरचं रडणं आहे, होईल सवय. सवय झाली नाही. ईरा आता फोनवर मला 'तुम्ही' म्हणते.

वैजयंतीनं धीर द्यायला तोंड उघडलं. दोन-चार वाक्यं झाली असतील. तेजश्रीचे खांदे खाली आले, कपाळाची आठी गेली, आणि ती मान हलवू लागली. मग एकाएकी ती खुर्ची मागे सारून उठली आणि वैजयंतीकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली.

''मॅडम, तुम्ही बोलू नका,'' ती म्हणाली. ''आता परत तेच होत होतं.''



तेजश्री खिडकीबाहेर बघत म्हणाली, ''मी सिग्नलचं काम करते. एका रुळावर दोन गाड्या यायला लागल्या तर लाल दिवा लागतो. गाडीवाल्याला आवडो न आवडो, त्याला थांबावं लागतं. तुमच्या खोलीत माझा लाल दिवा लागलाच नाही. तुम्ही माझ्यावर जबरदस्ती केली नाही, मला माहीत आहे. तुम्ही फक्त वायर काढून ठेवलीत.''

वैजयंतीला त्या क्षणी तेजश्री दिसत नव्हती. तिला अण्णा दिसत होते, 'बरं, जाऊ या' म्हणणारे.

त्यानंतर तिनं मध्यस्थीचं काम घेणं बंद केलं आणि आवाज मोडून काढायचा प्रयत्न केला. भरभर बोलून पाहिलं, अडखळत बोलून पाहिलं, वाक्यं अर्ध्यात तोडली. दुकानदार, शेजारी, रिक्षावाले, सगळे क्षणभर गोंधळत आणि मग तिचं शरीर आपणहून त्यांच्या श्वासाला जाऊन मिळे. कानडी बोलली तरी तेच. तिनं ओगल्यांना फोन केला. ते सहानुभूतीनं म्हणाले, की शिकलेलं विसरायचं कसं यावर अजून कुणी काम केलेलं नाही, त्याला मागणी नाही.

तेजश्रीनं समझोता रद्द करण्याचा अर्ज केला. मध्यस्थीत जे बोललं गेलं ते बाहेर सांगता येत नाही, पण मध्यस्थी कोणत्या पद्धतीनं झाली यावर साक्ष द्यायला न्यायालयानं वैजयंतीला परवानगी दिली. ही साक्ष खरी मानली गेली तर आपण घडवलेला प्रत्येक समझोता संशयाखाली येणार, हे तिला ठाऊक होतं. त्यातले कितीतरी खरोखर चांगले होते, तिथली मुलं आता नीट झोपत होती. तरीही ती पिंजऱ्यात उभी राहिली.

तिनं सगळं सांगितलं. डबी कशी चालते, पट्टी कशी चालते, होकार कुठून येतो. तेजश्रीचा होकार तिच्या विचारातून आला नव्हता, माझ्या आवाजातून आला होता, असं तिनं स्पष्ट म्हटलं. बोलत असतानाच तिच्या लक्षात आलं, की न्यायालय शांत झालंय. टंकलेखकाची बोटं एका ठेक्यात पडत होती. न्यायाधीश बाई पेन खाली ठेवून ऐकत होत्या आणि तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटाला त्यांची मान किंचित हलत होती. मागच्या बाकावर तेजश्रीचा चेहरा उजळला होता. वैजयंतीला कळत होतं काय चाललंय, आणि थांबवता येत नव्हतं. खरं सांगायलाही तिच्याकडे तोच एक आवाज होता.

अमोघचे वकील बेळंकीकर उठले. ते जुने, तिच्याबरोबर कितीदा भांडलेले. उठून थोडा वेळ ते नुसते उभे राहिले, झोपेतून उठल्यासारखे. मग म्हणाले, ''साक्षीदाराचं म्हणणं मला पूर्ण पटलंय. माझी हरकत त्यालाच आहे.''

न्यायाधीशांनी अर्थ विचारला.

''साक्षीदार खरं बोलत असतील तर त्यांच्या आवाजानं माणसाला काहीही पटतं. मग मला जे आत्ता पटलं, आपल्याला जे पटलं, तो पुरावा कसा? आणि त्या खरं बोलत नसतील तर प्रश्नच मिटला.''

न्यायाधीश बाईंनी कपाळावरून हात फिरवला. बराच वेळ त्या वैजयंतीकडे न बघता बोलत होत्या. तोंडी साक्ष नोंदीतून काढून टाकली गेली आणि तिला लेखी शपथपत्र द्यायला सांगण्यात आलं.

पुढच्या तारखेला ते शपथपत्र एका कारकुनानं वाचून दाखवलं. सर्दी झालेली, स्वर सपाट, मध्येच पान उलटताना वाक्य तुटलेलं. सगळं तेच होतं आणि त्यात काहीच उरलं नव्हतं. एका अनुभवी वकील बाईनं वर्षभरानं पश्चात्ताप झाल्याचं लिहून दिलंय, एवढाच त्याचा अर्थ लागत होता. मग बेळंकीकरांनी चित्रण लावलं. पडद्यावर वैजयंती म्हणत होती, घाई नाही, विचार करून सांगा. पडद्यावर तेजश्री हसून हो म्हणत होती. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर पायऱ्यांवर वैजयंतीनं तिला गाठलं. बोलावं की नाही तेच कळेना. तेजश्रीच तिच्याकडे न बघता म्हणाली, ''तुम्ही साक्ष देत होता ना, तेव्हा मला अगदी खात्री होती की ईरा मला मिळणार. तेवढं नसतं केलंत तर बरं झालं असतं.'' आणि ती हुबळीची गाडी पकडायला निघून गेली.

त्या साक्षीची बातमी सगळीकडे झाली. जिच्या आवाजानं न्यायाधीशही मान हलवू लागले, अशी ती बातमी होती. पुढच्या वर्गासाठी संस्थेकडे अर्जांचा ढीग पडला, त्यात मध्यस्थ होऊ पाहणाऱ्यांपेक्षा वकील, विमा कंपन्यांची माणसं आणि निवडणुकीची कामं घेणारे जास्त होते. ओगल्यांनी तिला शिकवायला बोलावलं. तिनं उत्तर दिलं नाही. त्यांचा पुन्हा फोन आला तेव्हा तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

मग ती जयसिंगपूरला गेली. अण्णांना घरी आणायचं तिनं ठरवलं होतं. खोली तयार केली होती, न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या होत्या. पण गाडी लावून आत जाताना तिच्या ध्यानात आलं, की हे त्यांना विचारायचं कसं? तिनं विचारलं तर ते हो म्हणणार. तिनं उलट विचारलं तरी हो म्हणणार. अण्णांना काय हवंय ते स्वतः बोलून त्यांच्याकडून काढून घेण्याचा तिच्याजवळ एकही रस्ता नव्हता.

तिथल्या सेविका मालनबाई दुपारच्या गोळ्या द्यायला निघाल्या होत्या. वैजयंतीनं त्यांना कागदावर लिहून विनंती केली, की माझ्या वतीनं तेवढं विचाराल का. मालनबाईंनी कागद वाचला, तिच्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं, पण बरं म्हणून आल्या.

अण्णा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. लेकीला पाहून हसले. ती शेजारच्या बाकावर बसली. मालनबाईंनी गोळी हातावर ठेवली, पाण्याचं भांडं दिलं आणि मोठ्यानं, घाईघाईत विचारलं, ''अण्णा, तुमची मुलगी तुम्हाला घरी न्यायला आलीय. जाणार का?''

अण्णांनी गोळी घेतली. पाणी प्यायले. उत्तर द्यायला त्यांनी वेळ घेतला, आणि त्या वेळात वैजयंतीला त्यांची हनुवटी जराशी पुढे आलेली दिसली. हळदीच्या बाजारातली ती हनुवटी तिनं कधीपासून पाहिली नव्हती.

''नाही,'' ते म्हणाले.

मालनबाईंनी वैजयंतीकडे पाहिलं. मग अण्णांना विचारलं, का हो, घर आहे, लेक आहे.

''इथं मला जेवण आवडत नाही,'' अण्णा म्हणाले. ''खोलीत डास आहेत. शेजारचा कुलकर्णी पहाटेच खोकतो. रोज भांडतो मी त्याच्याशी. पण इथं माझं मला कळतं काय नको ते. तिच्याजवळ कळत नाही.'' त्यांनी रिकामं भांडं मालनबाईंच्या हातात दिलं. ''तिला म्हणावं, येत जा. बस माझ्याजवळ. फक्त बोलू नकोस.''

मालनबाई पुढच्या खोलीकडे गेल्या. वैजयंती बसून राहिली. कितीतरी काळानं तिनं अण्णांचा खरा आवाज ऐकला होता, आणि तो तिला नको म्हणत होता. तिला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं, आणि ते दोन्ही त्यांना सांगावंसं वाटत होतं. माझं चुकलं, एवढं तरी. तिनं त्यांच्याकडे वळून ओठ उघडले.

अजून एक शब्दही फुटला नव्हता. पण तिनं घेतलेल्या श्वासाबरोबर अण्णांचा श्वास वळला, हनुवटी मागे गेली, आणि त्यांचा चेहरा मवाळ होऊ लागला, जे काही ती म्हणणार होती त्याला हो म्हणायला.

तिनं ओठ मिटून घेतले.

अंगणातल्या उन्हाकडे बघत ती त्यांच्याजवळ बसून राहिली. काही वेळानं अण्णांच्या कपाळावर आठी परत आली.